कामाचा फोन निवडताना तो हरवलाच आहे असं धरून चालायचं

कर्मचाऱ्यांना द्यायचे फोन निवडायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत बोलणं कॅमेऱ्यावर आणि रॅमवर जातं. आम्ही आता सुरुवात दुसरीकडून करतो. आधी एकच प्रश्न कागदावर लिहितो: हा फोन आज संध्याकाळी बसमध्ये राहिला, तर उद्या सकाळपर्यंत आपल्या हातात काय काय असेल? तो दुरून लॉक होईल का? आतला डेटा पुसता येईल का? त्यावर कोणकोणती खाती उघडी होती हे कुठे लिहिलेलं असेल का? आणि ज्याचा फोन गेला त्याला दुसरा फोन देऊन किती वेळात पुन्हा कामाला लावता येईल? ज्या फोनवर याची उत्तरं मिळत नाहीत त्याचा कॅमेरा कितीही चांगला असो, तो यादीतून जातो.

निवडीपासून फोन निकाली काढण्यापर्यंतची सगळी वाट या प्रश्नाने बदलते. ती कशी, ते क्रमाने लिहितो आहोत. वीस-तीस फोन सांभाळणारी संस्था डोळ्यांसमोर ठेवली आहे, पण एकट्याने व्यवसाय करणाऱ्यालाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी काम बघायचं

मॉडेलांची यादी काढण्याआधी ज्यांना फोन मिळणार आहे त्यांच्यासोबत एक दिवस घालवावा. टेबलावर बसून जे कळत नाही ते तिथे दिसतं. उन्हात काम करणाऱ्याला स्क्रीन दिसते का? दुकानातल्या दिव्याखाली सगळेच पडदे झकास दिसतात, म्हणून नमुन्याचा फोन भर दुपारी बाहेर नेऊन बघायचा. हातमोजे घालून टच चालतो का? पावसाचे थेंब पडले की पडदा आपोआप दाबल्यासारखा वागतो का? सिमेंट, रंग, रसायनं किंवा सतत पाणी हाताळणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. त्यांचं बोट सेन्सर ओळखत नाही आणि ती माणसं कंटाळून '१२३४' असा पिन ठेवतात. अशा ठिकाणी चेहऱ्याने उघडणारा फोन बरा, पण त्यातही भेद आहे. चेहऱ्याचा उंचसखलपणा मोजणारा सेन्सर असेल तर तो भरवशाचा. नुसत्या पुढच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखणारे काही फोन छायाचित्र दाखवूनही उघडतात. म्हणून खरेदीआधी त्या माणसाचा फोटो दुसऱ्या फोनवर मोठा करून समोर धरून बघतो. दोन मिनिटांची चाचणी आहे, आणि ती करायला कुणी नकार देण्याचं कारण नाही.

दिवसाला शेकडो बारकोड वाचायचे असतील तर साधा फोन नको. कॅमेऱ्याने एकेक कोड फोकस करत बसणं हाताला आणि बॅटरीला दोघांना जड जातं. स्कॅनर बसवलेलं हातातलं यंत्र घ्यावं. ज्वलनशील वायू किंवा वाफ जमू शकते अशा जागेत तर साधा फोन नेऊच नये. ठिणगी पडणार नाही अशी प्रमाणित केलेली वेगळी मॉडेलं मिळतात, आणि तिथे काटकसरीला जागा नाही.

एकच फोन पाळीपाळीने तीन जण वापरणार असतील तर ते आत्ताच लिहून ठेवायचं. त्याची मांडणी सुरुवातीपासून वेगळी असते आणि नंतर बदलायची म्हटलं तर फोन कोरा करावा लागतो.

अपडेटची तारीख

खरेदीतला सगळ्यांत महत्त्वाचा आकडा पेटीवर ठळक छापलेला नसतो. तो म्हणजे सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार. गूगलने २०२३ मध्ये आलेल्या पिक्सेल ८ मालिकेसाठी आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ मालिकेसाठी ७ वर्षांचं वचन दिलं. स्वस्त मॉडेलांमध्ये ते बरंच कमी असू शकतं. ॲपलचे फोन प्रत्यक्षात ५ वर्षांहून जास्त काळ अपडेट घेत आले आहेत. फसगत होते ती मोजण्यात. ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुमच्या बिलापासून नाही. चार वर्षांचं वचन असलेलं मॉडेल दोन वर्षं जुनं असताना सवलतीत मिळालं, तर तुम्हाला उरली दोनच वर्षं. आम्ही प्रत्येक मॉडेलपुढे अपडेट संपण्याचा महिना आणि वर्ष लिहितो, आणि फोनचा खर्च उरलेल्या महिन्यांनी भागतो. पुष्कळदा स्वस्त वाटणारा फोन इथेच महाग ठरतो.

वचन एक आणि वागणूक दुसरी असंही होतं. अँड्रॉइडची सुरक्षा पत्रकं २०१५ पासून दर महिन्याला निघतात. तेव्हा नमुन्याचा फोन पूर्ण अपडेट करून सेटिंगमध्ये, फोनच्या माहितीत, सुरक्षा पॅचची तारीख बघायची. चालू महिन्याच्या तीन महिन्यांहून मागे असेल तर ती कंपनी या मॉडेलकडे लक्ष देत नाही असं समजावं. गूगलची 'अँड्रॉइड एंटरप्राइज रेकमेंडेड' नावाची यादी २०१८ पासून आहे. मॉडेल त्यात असेल तर पुढची नोंदणी सोपी जाते.

पाणी आणि आपटण्याबद्दलचे दावे नीट वाचावेत. आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि १ मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटं तग धरतो. साबणाचं पाणी, खारं पाणी आणि जोराचा फवारा या चाचणीत येत नाही. शिवाय कडेचं रबर आणि गोंद वर्षागणिक सैल होतात, आणि एकदा स्क्रीन बदलली की कारखान्यातला तो बंदिस्तपणा धरून चालता येत नाही. 'मिलिटरी दर्जा' या शब्दांमागे बहुधा एमआयएल-एसटीडी-८१०एच हे मानक असतं. त्यातल्या एका चाचणीत १२२ सेंटीमीटरवरून २६ वेळा पाडतात, पण ते २६ धक्के पाच नमुन्यांत वाटून घेता येतात आणि कोणत्या चाचण्या करायच्या हे निर्माता ठरवतो. म्हणजे तोच एक फोन २६ वेळा पडूनही टिकला असा अर्थ काढू नये. साध्या फोनला कडा उचललेलं जाड कव्हर आणि काच लावली तर ऑफिसच्या कामाला ते पुरतं.

मेमरी कार्डाची सोय असलेला फोन हवा असा आग्रह नेहमी होतो. आम्ही तो मानत नाही. फोनच्या आतली साठवण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी असते, कार्ड मात्र साधारणपणे तसं नसतं. काढून दुसऱ्या यंत्रात घातलं की सगळे फोटो समोर. १२८ जीबी आतली जागा घ्यावी आणि कार्डाची खाच रिकामी ठेवावी.

कुणाचा फोन

संस्थेने फोन द्यायचा की माणसाने स्वतःचाच वापरायचा, यावर वाद होतात. ते बहुतेक वेळा विश्वासाचे असतात. अँड्रॉइडवर कामाची वेगळी प्रोफाइल करता येते. कामाच्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह दिसतं आणि ती बाजू संध्याकाळी एका बटणाने बंद करता येते. आयफोनवर २०१९ च्या आयओएस १३ पासून अशाच हेतूची वेगळी नोंदणी आहे. दोन्हींत संस्थेला त्या माणसाचे फोटो, खासगी संदेश किंवा कॉलची यादी दिसत नाही, आणि पुसायची वेळ आली तर फक्त कामाचा भाग जातो. हे लेखी द्या. तोंडी आश्वासनावर कुणी आपला फोन देत नाही, आणि देऊही नये.

इथे एक जुना सापळा आहे. प्रोफाइल न करता नुसतं ऑफिसचं मेल खाते फोनच्या मेल ॲपमध्ये जोडलं, तर काही सर्व्हर 'या यंत्रावर प्रशासकाचा अधिकार द्या' असं विचारतात. 'हो' म्हटलं की दुरून अख्खा फोन पुसण्याची मुभा मिळते, मुलांच्या फोटोंसकट. स्वतःच्या फोनवर ही परवानगी मागणारी पद्धत वापरू नये.

ग्राहकांची संवेदनशील माहिती, आजारपणाचे कागद किंवा पैशांचे व्यवहार असतील तर संस्थेचाच फोन द्यावा हे आमचं स्पष्ट मत आहे.

पेटी उघडल्यावर

पेटी आली की उत्साहाने कुणीतरी फोन चालू करतं, आपलं खातं घालतं आणि तिथेच पहिला घोळ होतो. अँड्रॉइड फोन पूर्ण संस्थेच्या ताब्यात घ्यायचा असेल तर तो कोऱ्या अवस्थेतच नोंदवावा लागतो. पहिल्या स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा बोट टेकवलं की क्यूआर वाचक उघडतो. एमडीएमने, म्हणजे फोन सांभाळणाऱ्या व्यवस्थेने दिलेला कोड त्याला दाखवायचा. वायफायचं नाव आणि पासवर्ड त्या कोडमध्ये आधीच घालता येतो, म्हणजे तीस फोनांवर तीस वेळा टाइप करायला नको. खातं आधी घातलं गेलं असेल तर कारखाना रीसेट करून पुन्हा पहिल्यापासून.

आयफोनसाठी खरेदीच अशा विक्रेत्याकडून करावी जो यंत्रांचे क्रमांक थेट तुमच्या 'ॲपल बिझनेस मॅनेजर' खात्यात, म्हणजे संस्थेच्या ॲपल यंत्रांची नोंद ठेवणाऱ्या खात्यात टाकतो. मग पेटी उघडून फोन चालू केला की तो आपणहून नोंदणीकडे जातो, आणि कुणी रीसेट केला तरी पुन्हा तिथेच येतो. दुसरीकडून घेतलेले फोन 'ॲपल कॉन्फिगरेटर'ने हाताने जोडता येतात, पण त्यात ३० दिवसांची मुदत असते. तेवढ्या काळात वापरणारा स्वतः नोंदणी काढून टाकू शकतो. म्हणून असे फोन नोंदवून झाल्यावर महिनाभर कपाटात ठेवून मग वाटलेले बरे.

ॲपलच्या बाजूने सगळ्यांत जास्त नुकसान एका प्रमाणपत्रामुळे होतं. एमडीएमचे आदेश फोनपर्यंत पोचवण्यासाठी ॲपलचं पुश प्रमाणपत्र लागतं आणि ते वर्षभरच चालतं. नूतनीकरण त्याच ॲपल खात्यातून करावं लागतं. ज्याने ते काढलं त्याच्या वैयक्तिक खात्यावर असेल आणि तो नोकरी सोडून गेला, तर नवं प्रमाणपत्र काढून प्रत्येक फोन पुन्हा नोंदवावा लागतो. त्यामुळे हे खातं संस्थेच्या सामायिक ईमेलवर काढायचं, त्याचा पासवर्ड दोघांकडे ठेवायचा आणि नूतनीकरणाची आठवण ३० दिवस आधीची लावायची.

नोंदवहीचं काम कंटाळवाणं वाटतं, पण फोन हरवल्यावर तेवढंच हातात असतं. *#०६# डायल केलं की १५ अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात, दोन्ही लिहायचे. सोबत अनुक्रमांक, सिमचा क्रमांक, बिलाची प्रत, कुणाला दिला ती तारीख आणि अपडेट संपण्याचा महिना. ही वही फोनमध्येच ठेवू नये हे सांगायला लागू नये, पण सांगावं लागतं.

त्यानंतरच्या बंधनांत फार हौस करू नये. आम्ही पिन सहा अंकी ठेवतो. चार अंकांत १०,००० शक्यता असतात, सहा अंकांत १० लाख. १,१,१,१ सारखे आणि चढत्या क्रमाचे पिन नाकारायचे. पडदा एक ते दोन मिनिटांत आपोआप लॉक. लॉक पडद्यावर सूचना दिसाव्यात, पण मजकूर लपलेला असावा, नाहीतर फोन न उघडताच ओटीपी वाचता येतो. अनोळखी ठिकाणाहून ॲप टाकणं बंद, यूएसबी डीबगिंग (तारेने जोडलेल्या संगणकाला फोनच्या आत शिरू देणारी सोय) बंद, कामाचे फोटो वैयक्तिक क्लाउडवर जाणं बंद. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर फोन पुसला जाईल अशी सोय लावतो, पण आधी सगळा डेटा सर्व्हरवर जातोय याची खात्री करूनच. घरी लहान मूल असलेल्या माणसाचा दिवसभराचा अहवाल या एका सेटिंगमुळे जाऊ शकतो.

अँड्रॉइडवर आणखी एक गाठ आहे. कुणी फोनवर स्वतःचं गूगल खातं घातलं आणि पुढे बटणं दाबून रिकव्हरीतून, म्हणजे सेटिंगमध्ये न जाता, फोन रीसेट झाला, तर चालू होताना तो त्याच जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो. चोरासाठी केलेली ही सोय मालकालाच अडवते. एमडीएममध्ये रीसेटनंतर संस्थेचं खातं चालेल असं धोरण आधीच लावलं की ही अडचण येत नाही.

सिमला पिन लावणं बहुतेक जण विसरतात. फोन कितीही घट्ट लॉक असला तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिकडे येतात. सिमचा पिन असेल तर येत नाहीत. मात्र पिन बदलताना जुना पिन बहुधा ०००० किंवा १२३४ असेल असं धरून अंदाजाने टाकत बसू नका, सेवा कंपनीकडून विचारून घ्या. तीन चुकांनंतर पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम सोडवणारा कोड मागितला जातो आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं निकामी. पीयूके कोडही नोंदवहीत हवा.

दोन आठवडे पाच फोन

सगळे फोन एकदम वाटू नयेत. वेगवेगळ्या कामांतले पाच जण निवडून दोन आठवडे त्यांना वापरू द्यावेत. या काळात ज्या तक्रारी येतात त्या जवळपास ठरलेल्या आहेत.

पहिली तक्रार: 'संदेश वेळेवर येत नाहीत, ॲप उघडलं की एकदम पंधरा येतात.' हा नेटवर्कचा दोष नसतो. बॅटरी वाचवण्यासाठी फोन पडद्यामागची ॲप झोपवतो, आणि काही कंपन्या यात फारच कडक असतात. कामाची ॲप बॅटरी निर्बंधातून वगळायची.

दुसरी: ऑफिसचं वायफाय कालपर्यंत चालत होतं, आज जोडत नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा क्रमांक) न देता बनवलेला पत्ता देतो. राउटरवर मॅक पत्त्यांची यादी करून प्रवेश दिला असेल तर फोन बाहेरच राहतो. ऑफिसच्या वायफायपुरती ती सोय बंद करा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे मॅक यादीवर भिस्त ठेवणंच सोडा.

तिसरी: ऑथेंटिकेटरचा, म्हणजे लॉगिनचे कोड देणाऱ्या ॲपचा, सहा अंकी कोड बरोबर टाकूनही चुकीचा ठरतो. हा कोड वेळेवरून बनतो आणि दर ३० सेकंदांनी बदलतो. फोनचं घड्याळ हाताने लावलेलं असेल आणि मिनिटभर पुढेमागे असेल तर कोड जुळत नाही. वेळ आपोआप नेटवर्कवरून घ्यायची सेटिंग सक्तीची करावी.

चौथी: व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची बंदिस्त वाट, सतत चालू ठेवलं की बाहेरच्या वायफायचं लॉगिन पान उघडतच नाही. व्हीपीएन इंटरनेटची वाट पाहतं आणि इंटरनेट त्या पानाची. फक्त कामाच्या ॲपपुरतं व्हीपीएन लावलं तर दोन्ही चालतं. तसंही आजकाल बहुतेक वाहतूक एन्क्रिप्ट असते, त्यामुळे सार्वजनिक वायफायची जितकी भीती घातली जाते तितकी ती राहिलेली नाही. मोबाईल डेटा असेल तर तोच वापरावा, विषय संपला.

हातात देताना

फोन देऊन सही घेतली म्हणजे वाटप झालं असं नाही. प्रत्येकासोबत अर्धा तास बसावं लागतं. पिन त्यानेच ठेवायचा आणि आपण तोंड फिरवायचं. तो आपल्याला माहीत असण्याची गरज नाही. मेल आणि इतर खात्यांना जिथे पासकी चालते तिथे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने चालणारी डिजिटल किल्ली लावतो, कारण ती खोट्या संकेतस्थळावर चालतच नाही. एसएमएसचा ओटीपी माणूस चुकून कुणालाही वाचून दाखवू शकतो. प्रत्येक खात्याला दुसरी वाटही ठेवायची: छापलेले पुनर्प्राप्ती कोड, पाकिटात बंद, ऑफिसच्या तिजोरीत. ऑथेंटिकेटर फक्त त्या एका फोनवर आणि कोड कुठेच नाहीत, अशा अवस्थेत फोन गेला तर आपल्याच मेलमध्ये शिरायला दिवसचे दिवस लागतात.

मग हरवल्याची तालीम. फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि त्या माणसाला कुणाला, कोणत्या क्रमांकावर कळवायचं ते करून दाखवायला सांगतो. तो क्रमांक नव्याण्णव टक्के लोकांच्या फक्त हरवलेल्या फोनमध्येच असतो. तो कागदावर लिहून पाकिटात ठेवायला लावतो. आणि एक गोष्ट सगळ्यांसमोर बोलतो: लवकर कळवलं तर दंड नाही. रात्रभर एकट्याने शोधत बसणाऱ्या माणसाच्या मनात भीती असते, आणि तोच वेळ चोराला मिळतो.

रोजच्या वापरात

फसवणूक फोन फोडून फारशी होत नाही, माणसाला बोलण्यात गुंतवून होते. तीन मागण्या कुणीही केल्या तरी फोन ठेवायचा. एक, पडदा दुरून दाखवणारं ॲप टाका. दोन, एखाद्या ॲपला 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी द्या. ही परवानगी दृष्टी किंवा हालचालीची अडचण असलेल्यांसाठी आहे, आणि ती मिळालेलं ॲप पडदा वाचू शकतं, तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. तीन, चांदणीने सुरू होणारा कोड आणि पुढे एखादा मोबाईल क्रमांक डायल करा. त्याने तुमचे कॉल त्या क्रमांकावर वळतात आणि फोनवर ऐकवले जाणारे ओटीपीही तिकडे जातात. शंका आली तर *#२१# ने वळवणी तपासता येते आणि ##००२# ने सगळी रद्द होते.

व्हॉट्सॲपवर काम चालत असेल तर दर सोमवारी जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून बघावी. मुख्य फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात, आणि सायबर कॅफेतला किंवा जुन्या ऑफिसातला संगणक तिथे तसाच राहून गेलेला असतो. आठवड्यातून एकदा फोन बंद करून चालू करावा. रीस्टार्टनंतर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत आतल्या बहुतेक फाइलींच्या किल्ल्या स्मृतीत नसतात. म्हणूनच आयओएस १८.१ पासून आयफोन तीन दिवस न उघडला गेल्यास आपोआप रीस्टार्ट होतो, आणि गूगलनेही २०२५ मध्ये तशी सोय आणली.

बॅटरीची काळजी उष्णतेची काळजी असते. ॲपल आयफोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस ही वापराची मर्यादा देतं. बंद गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवलेला फोन ती सहज ओलांडतो. गाडीत नकाशा, चार्जिंग आणि ऊन तिन्ही एकत्र आलं तर एसीच्या झोताजवळचा स्टँड लावा. काउंटरवर कायम चार्जरला लावलेल्या टॅबलेटची बॅटरी सगळ्यांत आधी फुगते. तिथे ८० टक्क्यांची मर्यादा देणारं मॉडेलच घ्यावं. मागचं झाकण उचलल्यासारखं वाटलं, पडदा कडेने वर आला, तर चार्जिंग तिथेच थांबवा. दाबून बसवू नका, टोचू नका, कागदी खोक्यात न ठेवता धातूच्या किंवा फरशीच्या पृष्ठभागावर, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला बोलवा.

दुरुस्तीला देताना पिन सांगण्याची पद्धत सर्रास आहे. काही सॅमसंग आणि पिक्सेल फोनांत दुरुस्तीची वेगळी अवस्था मिळते, त्यात तुमचा डेटा झाकलेला राहून बाकी फोन तपासता येतो. ती नसेल तर डेटा सर्व्हरवर गेल्याची खात्री करून फोन पुसूनच द्या.

खरंच हरवला तेव्हा

इथे क्रम चुकला की हातातली साधनं आपणच घालवतो. घाईत लोक पहिल्यांदा सिम बंद करतात. सिम बंद झालं की फोनला डेटा नाही, म्हणजे लॉकचा आणि पुसण्याचा आदेश त्याच्यापर्यंत पोचणार नाही.

आम्ही असं करतो. आधी एमडीएममधून फोन हरवल्याच्या अवस्थेत टाकायचा, पडद्यावर संपर्काचा क्रमांक दाखवायचा आणि ठिकाण मिळतं का बघायचं. लगेच दुसऱ्या संगणकावरून त्या माणसाच्या सगळ्या खात्यांतून 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' करायचं. नुसता पासवर्ड बदलणं पुरत नाही, कारण आधी उघडलेली ॲप काही काळ जुन्या परवान्यावर चालत राहू शकतात. मग सिम. सिमला पिन लावलेला असेल तर आदेश पोचायला तासभर थांबायला हरकत नाही. पिन नसेल तर थांबू नये, लगेच बंद करावं, कारण तेव्हा ओटीपीचा धोका मोठा. पुसण्याचा निर्णय कुणी आणि किती तासांनी घ्यायचा हे आधीच ठरलेलं असावं. आम्ही चार तास धरतो. अँड्रॉइड फोन पुसला की त्याचं ठिकाण पुन्हा मिळण्याची आशा सोडावी, म्हणून तो शेवटचा उपाय. फोन बंद असेल तर आदेश रांगेत थांबतो आणि तो इंटरनेटला जोडला की लागू होतो, म्हणून यंत्र एमडीएममधून काढून टाकू नये. पोलिस तक्रार आणि आयएमईआय बंद करण्याचा अर्ज नोंदवहीतल्या क्रमांकांवरून करायचा.

दोन दिवसांनी फोन सापडला तर आनंद व्हावा, पण तो तसाच वापरात घेऊ नये. कोरा करून, पुन्हा नोंदवून, मगच परत द्यावा.

निकाली काढताना

अपडेट संपण्याच्या तीन महिने आधी नव्या फोनांची मागणी जायला हवी. अपडेट संपलेला फोन 'मेलपुरता चालू दे' म्हणून ठेवण्याचा मोह होतो. मेल हेच तर बाकी सगळ्या खात्यांचं दार आहे, त्यामुळे तो फोन कामाच्या एकाही खात्याला जोडलेला राहू नये.

पुसण्याआधी ऑथेंटिकेटर आणि पासकी नव्या फोनवर चालतात हे त्या माणसाने स्वतः लॉगिन करून दाखवायचं. मग वैयक्तिक खाती बाहेर काढायची, आयफोनवर 'फाइंड माय' ही फोन शोधण्याची सोय बंद करायची, सिम काढायचं आणि सेटिंगमधूनच कारखाना रीसेट करायचा. साठवण एन्क्रिप्ट असल्याने रीसेटमध्ये किल्ली नष्ट होते आणि उरलेला मजकूर वाचण्याजोगा राहत नाही. फुटक्या पडद्यामुळे रीसेट करता येत नसेल तर दुरून पुसण्याचा आदेश द्यावा. तोही लागू होत नसेल तर यंत्र मोडणाऱ्या अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्यावं. तिथे बॅटरी असल्याचं सांगून द्यायचं, भंगारात टाकायचं नाही.

यंत्राची नोंद एमडीएममधून काढणं सगळ्यांत शेवटी. आयफोनवर ॲक्टिव्हेशन लॉक (आधीच्या ॲपल खात्याचं कुलूप) राहून गेला असेल तर तो सोडवण्याचा कोड त्या नोंदीसोबत असतो. नोंद आधी पुसली तर कोडही जातो, आणि उरतो तो कुणालाच न उघडणारा फोन. रीसेट झालेला फोन चालू करून स्वागताचा पडदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, तो कुठलंही खातं मागत नाही याची खात्री करायची, आणि त्यानंतरच नोंद काढून वहीत तारीख घालायची.